आजारपणाचे खाडे आणि फॅमिली डॉक्टर: एचआरचं काम नव्याने गळ्यात पडलेल्यांसाठी

मी मुळात अकाउंट्सची. भोसरीतल्या एका छोट्या इंजिनिअरिंग शॉपमध्ये पगारपत्रक करायला लागले, माणसं अडतीस. दुसऱ्याच महिन्यात मालकांनी एक फुगलेली प्लास्टिकची फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, ही मेडिकलं पण आता तुम्हीच बघा." झाले मी एचआर.

फाईल उघडली तर एकाच प्रेस ऑपरेटरचे सात कागद, चार वेगवेगळ्या दवाखान्यांचे. सगळ्यांवर एकच मजकूर: व्हायरल फिव्हर, बेड रेस्ट. वर्षात सात वेळा व्हायरल? मी तावातावाने शेवटच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" म्हटलं, कंपनीतून बोलतेय. "मग मी तुम्हाला काही सांगू शकत नाही," म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या वर्षभरात त्या माणसाशी सगळ्यात नीट वागले ते तेच.

तो ऑपरेटर खोटारडा नव्हता. कंबर गेली होती त्याची. पण 'कंबर' सांगितली तर प्रेसवरून काढतील आणि ओव्हरटाइम बुडेल, या भीतीने तो ताप सांगायचा. हे कळायला आम्हाला वर्ष लागलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितेय. यातलं सगळं महाराष्ट्रातल्या १० ते ५० माणसांच्या जागेला धरून आहे. मोठ्या कंपनीत स्वतःचा कारखाना-डॉक्टर असतो, युनियनचा करार असतो, तिथलं गणित वेगळं.

१. आधी दोन याद्या करा

कुणी आजारी पडायच्या आधीच हे करून ठेवा, नंतर धावपळ होते.

पहिली यादी कर्मचारी राज्य विम्यात असलेल्यांची, म्हणजे ज्यांच्या पगारातून ईएसआयसीची (विमा महामंडळाची) वर्गणी कापली जाते त्यांची. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर माणूस विम्यात येतो. अपंग कर्मचाऱ्यासाठी ही मर्यादा २५,००० आहे. पगारातून पाऊण टक्का कापायचा, मालकाचे सव्वातीन टक्के. १८,००० पगार असेल तर कामगाराचे १३५ आणि कंपनीचे ५८५. मध्येच पगारवाढ होऊन कुणी २१,००० च्या वर गेला तरी ती सहामाही संपेपर्यंत कापणी थांबवायची नसते. ही चूक मी स्वतः केली आहे. ती निस्तरताना विम्याच्या शाखा कार्यालयात तीन चकरा झाल्या.

दुसरी यादी बाकीच्यांची: सुपरवायझर, ऑफिसातले, जास्त पगाराचे सेटर (मशीन लावून देणारे). यांना आजारपणात पैसे मिळतील ते फक्त तुमच्या रजेच्या नियमातून. आणि इथे बऱ्याच जणांना धक्का बसतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात (कारखाना म्हणून नोंद असलेल्या जागेला तो लागू नाही) 'आजारपणाची रजा' असं वेगळं खातंच नाही. वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा आहे, आणि दर २० दिवसांच्या कामामागे एक या हिशेबाने साठणारी हक्काची रजा आहे. आजारपण यातच भागवायचं. तुमच्या कंपनीने वेगळी सिक लीव्ह दिली असेल तर ती नेमणूकपत्रात किंवा स्थायी आदेशात (कंपनीच्या लेखी सेवानियमांत) लिहिलेली असेल. जे लिहिलंय ते पाळा. लिहिलेलं नसेल तर मालकांशी बोलून अर्ध्या पानाचा नियम करून घ्या आणि तो मराठीत फलकावर लावा.

एक सूचना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८ चा राज्य विमा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. त्यामुळे जुन्या पुस्तकातला कलमांचा आकडा पत्रात लिहू नका. लिहायचाच असेल तर कामगार कायद्याच्या सल्लागाराला विचारून लिहा.

२. पहिल्या दिवशीचा फोन

नियम एकच ठेवा: शिफ्ट सुरू होण्याआधी किंवा सुरू झाल्यापासून दोन तासांत फोन. कुणाला, तेही ठरलेलं असू द्या. आमच्याकडे आधी कोणी सुपरवायझरला सांगायचं, कोणी शेजारच्या लेथवाल्याजवळ निरोप द्यायचं, कोणी व्हॉट्सअॅप ग्रुपवर थर्मामीटरचा फोटो टाकायचं. ग्रुपवरचं पहिलं बंद करा. माणसाला मूळव्याध झाली ही बातमी अडतीस जणांनी वाचायची गरज नाही. बाईमाणसाचं तर विचारूच नका.

फोनवर तुम्ही इतकंच विचारायचं: किती दिवस लागतील असं वाटतंय? दवाखान्यात गेलात का, जाणार आहात का? तुमच्या मशीनवरचं काही अर्धवट राहिलंय का? आणि पुन्हा कधी फोन करू? 'काय झालंय' हे तो आपणहून सांगेल तर ऐका, खोदू नका. फोन झाला की वहीत तारीख, वेळ आणि एक ओळ.

कामावर लागलं असेल, म्हणजे बोट सापडलं, डोळ्यात धातूची चिप गेली, किंवा येता-जाता अपघात झाला, तर तो आजारपणाचा खाडा नाही. ते अपघाताचं वेगळं प्रकरण. त्याचा अहवाल विम्याच्या पोर्टलवर २४ तासांत भरायचा. राज्य विम्यात आजारपणाला ७० टक्के मिळतात, कामावरच्या दुखापतीने आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वाला ९० टक्के. शिवाय त्याला किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही. सुपरवायझर रेकॉर्ड स्वच्छ दिसावं म्हणून "चार दिवस मेडिकल टाक" असं कामगाराला सुचवतो. हा सापळा फार ठिकाणी आहे. पुढे जखम चिघळली तर कामगाराचे हक्काचे पैसे बुडतात, आणि अहवाल दिला नाही म्हणून कंपनीही अडकते.

३. सर्टिफिकेट वाचायला शिका

कागद खरा की खोटा, याच्याआधी तो पुरा आहे का ते बघा. अॅलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी २००२ चे व्यावसायिक आचारनियम आहेत. त्यात सर्टिफिकेटची नोंदवही ठेवणं, कागदाची प्रत ठेवणं, पेशंटची सही किंवा अंगठा आणि ओळखीची एक तरी खूण लिहिणं हे सगळं सांगितलेलं आहे. नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर, सर्टिफिकेटवर असला पाहिजे, हेही त्यात आहे. म्हणजे तुम्ही मागताय ते काही जगावेगळं नाही.

मी या क्रमाने बघते:

- डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, सही, शिक्का
- पेशंटचं नाव आमच्या मस्टरवरच्या (हजेरीपटावरच्या) नावाशी जुळतं का (गावाकडचं नाव वेगळं, आधारवरचं वेगळं, हे नेहमीचंच)
- तपासल्याची तारीख
- विश्रांती कधीपासून कधीपर्यंत
- कागद दिल्याची तारीख

भांडणाचं मूळ शेवटच्या तीन तारखांत असतं. ५ ते ९ तारखेची विश्रांती आणि कागद १० तारखेचा. म्हणजे पाचला डॉक्टरांनी बघितलं होतं की दहाला कामगाराने सांगितलेलं ऐकून लिहून दिलं? यावर लगेच 'खोटं' असा शिक्का मारू नका. पाचचं प्रिस्क्रिप्शन किंवा मेडिकलचं बिल असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर दिवस बिनपगारी धरा, पण माणसाला ते आधी तोंडी सांगा. पगारपत्रकात कळलं की माणूस दुखावतो.

नोंदणी क्रमांक पडताळायचा असेल तर एमबीबीएस आणि त्यावरच्यांसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, आयुर्वेद-युनानीवाल्यांसाठी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, होमिओपॅथीसाठी त्यांची स्वतंत्र परिषद. आपल्याकडच्या वस्त्यांमधले बहुतेक फॅमिली डॉक्टर बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) असतात. आम्ही त्यांचे कागद रजेसाठी धरतो. "एमबीबीएसचंच आणा" असा नियम केलात, तर तीनशे रुपये फी नसलेला माणूस दवाखान्यातच जाणार नाही, आणि ताप अंगावर काढत मशीनवर उभा राहील.

किती दिवसांपासून सर्टिफिकेट मागायचं? आम्ही दोन दिवसांपर्यंत मागत नाही. एका दिवसाच्या सर्दीसाठी दवाखान्याच्या बाकावर दोन तास बसवून काय मिळतं? डॉक्टरांचाही वेळ जातो आणि कागदाची किंमत शून्य होते.

४. राज्य विम्याचे पैसे: हे नीट वाचा

विमेदार कामगाराने शक्यतो विम्याच्या सेवा दवाखान्यात किंवा पॅनेल डॉक्टरकडे जायचं. पॅनेल डॉक्टर म्हणजे स्वतःचा दवाखाना चालवणारे खासगी डॉक्टर, ज्यांच्याकडे विमेदार कुटुंबं नोंदवलेली असतात. एका अर्थाने ते सरकारने नेमून दिलेले फॅमिली डॉक्टरच. तरीही अर्धे कामगार आपल्या गल्लीतल्या डॉक्टरकडे जातात, पैसे भरतात, आणि मग तो कागद विम्याच्या शाखेत चालत नाही म्हणून हताश होतात. म्हणून माणूस रुजू होतो त्याच दिवशी त्याला त्याचा दवाखाना कुठला ते दाखवा. 'सांगा' नाही म्हणत. पोर्टल उघडून नाव दाखवा, पत्ता लिहून द्या.

पैशांचं गणित असं. आजारपणाचा लाभ सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिले २ दिवस कोरडे, म्हणजे त्यांचे पैसे नाहीत. मात्र आधीच्या आजारपणाला १५ दिवस व्हायच्या आत माणूस पुन्हा पडला, तर हे दोन दिवस पुन्हा कापत नाहीत. समजा रोज सरासरी ६०० पडतो आणि माणूस १२ दिवस आजारी आहे. ४२० गुणिले १०, म्हणजे ४,२०० रुपये. ते कंपनीकडून नाही, विम्याकडून थेट त्याच्या बँक खात्यात जातात. खातं जोडलेलं आहे का, आयएफएससी बँकांच्या विलीनीकरणात बदलला तर नाही ना, हे आत्ताच बघून ठेवा. आमची दोन प्रकरणं फक्त एवढ्यासाठी रखडली होती.

पात्रतेला सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे ज्याने उन्हाळ्यात महिनोन् महिने खाडे केले, त्याला त्याचा फटका नव्या वर्षात बसतो, आणि तेव्हा त्याला कारण आठवतही नसतं. अगदी नवीन माणसाला पहिले ९ महिने रोख लाभ नाही. औषधोपचार मात्र पहिल्या दिवसापासून आहेत.

कागदांचा क्रम: पहिलं सर्टिफिकेट, मध्ये साधारण आठवड्याआठवड्याने पुढचं, लांबलेल्या आजारात एकदम चार आठवड्यांपर्यंतचं विशेष, आणि शेवटी 'फायनल', ज्यावर कामाला लायक झाल्याची तारीख असते. फायनल न घेता माणूस कामावर आला तर दावा लोंबकळतो. उत्साहाने लवकर परतणारे प्रामाणिक लोकच यात सापडतात.

आता मुख्य सापळा. ज्या दिवसाचा पगार मिळाला, त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ नाही. कंपनीने माणुसकी म्हणून पाच दिवसांची भरपगारी रजा लावली आणि कामगाराने त्याच पाच दिवसांचा दावा केला, तर शाखा कार्यालयातून गैरहजेरीची पडताळणी येते. त्या फॉर्मवर तुम्ही सही करणार असता. मस्टर, पगारपत्रक आणि तो फॉर्म तिन्ही जुळलेच पाहिजेत. म्हणून माणसाला आधीच विचारा: रजा लावू की विम्याचं घेणार? आम्ही बहुतेक वेळा पहिल्या दोन कोरड्या दिवसांना कंपनीची रजा लावतो आणि तिसऱ्यापासून विमा. सरळ हिशेब राहतो.

आणि गावाचं काय? माणूस गणपतीला किंवा पेरणीला परभणीकडे जातो आणि तिथेच कावीळ होते. खरंच होते, सगळेच बहाणे नसतात. तिथल्या डॉक्टरचा कागद विम्यात आपोआप चालत नाही. 'पर्यायी पुरावा' म्हणून तो मान्य करायचा की नाही हे विमा कार्यालय ठरवतं. त्यासाठी रक्ताचे रिपोर्ट, बिलं, दाखल केलं असेल तर डिस्चार्ज कार्ड, सगळं जपून आणायला फोनवरच सांगा. गावाजवळ विम्याचा दवाखाना असेल तर पहिला सल्ला तोच.

५. डॉक्टरांशी कसं बोलायचं

या सगळ्यात सर्वात कमी समजलेला भाग हा. आपण डॉक्टरांकडून दोन गोष्टी मागतो आणि दोन्ही चुकीच्या असतात. एक म्हणजे 'त्याला नक्की काय झालंय', दुसरी 'तो खरंच आजारी आहे ना'. पहिलं ते सांगू शकत नाहीत. पेशंटचं गुपित राखणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. दुसरं विचारणं म्हणजे त्यांच्याच सहीवर शंका घेणं.

जे विचारायला हवं ते कुणीच विचारत नाही: हा माणूस काय करू शकतो, काय नाही, आणि कधीपर्यंत?

त्याचं उत्तर डॉक्टर देऊ शकत नाहीत, कारण आपण त्यांना काम काय आहे तेच कळवलेलं नसतं. 'कंपनीत आहे' एवढंच त्यांना ठाऊक असतं. तो ऑफिसात बसतो की दिवसाला दोनशे वेळा वाकून आठ-आठ किलोचे जॉब उचलतो, त्यांना काय माहीत? म्हणून ते बिचारे सर्वात सुरक्षित शब्द लिहितात. बेड रेस्ट.

म्हणून आम्ही आता कामगाराच्या हातात एक चिठ्ठी देतो. डॉक्टरांना परस्पर पाठवत नाही. त्याने वाचावी, पटली तर सही करावी, तपासणीला जाताना न्यावी. तिचा नमुना असा:

*मा. डॉक्टरसाहेब, स.न.*
*श्री. ______ आमच्याकडे पॉवर प्रेसवर ऑपरेटर आहेत. काम आठ तास उभ्याने. साधारण ८ ते १० किलोचे जॉब वाकून उचलावे लागतात. आठवड्याआड रात्रपाळी असते. ते कामावर यावेत अशी आमची घाई नाही. आजाराचं नाव आम्हाला नको आहे. फक्त पुढील गोष्टी लिहून दिल्यास आम्हाला काम ठरवता येईल:*
*– वजन उचलणं / वाकणं / सतत उभं राहणं / रात्रपाळी / उंचीवर चढणं: यातलं काय टाळावं?*
*– किती दिवस टाळावं?*
*– औषधाने झोप किंवा गुंगी येते का? (फिरत्या मशीनवर काम असल्याने विचारत आहोत.)*
*बसून करायचं तपासणीचं काम आमच्याकडे उपलब्ध आहे.*
*माझी ही माहिती देण्यास संमती आहे. कामगाराची सही: ______*

शेवटून दुसरी ओळ विसरू नका. बसून करायचं काम आहे हे डॉक्टरांना कळलं की कागद बदलतो. त्या कंबरवाल्या ऑपरेटरला ही चिठ्ठी दिली, तेव्हा पहिल्यांदा 'बेड रेस्ट' ऐवजी "तीन आठवडे पाच किलोच्या वर उचलू नये, वाकणं टाळावं" असं लिहून आलं. त्याला गेजिंगच्या (जॉबची मापं तपासायच्या) टेबलावर बसवला. चौथ्या आठवड्यात मालकांनी प्रेसपुढे कमरेच्या उंचीचा एक लोखंडी स्टँड वेल्ड करून घेतला, भंगारातल्या अँगलचाच. त्याच्या पुढच्या वर्षाच्या फाईलमध्ये एक कागद आहे, तोही डेंग्यूचा.

सगळे डॉक्टर उत्तर देतील असं नाही. गर्दीच्या दवाखान्यात संध्याकाळी साडेसातला चिठ्ठी पुढे केली तर ते वैतागणारच. कामगाराला सकाळच्या वेळेत जायला सांगा, आणि वेगळ्या सर्टिफिकेटची फी डॉक्टर घेत असतील तर ती कंपनीने द्यावी. शंभर-दोनशे रुपयांत तीन आठवड्यांचं नियोजन होत असेल तर ते महाग नाही.

ज्या दोन-तीन दवाखान्यांत तुमची बहुतेक माणसं जातात, तिथे वर्षातून एकदा स्वतः जाऊन या. नाव सांगा, काय बनवतो ते सांगा, मशीनचे फोटो दाखवा. कुठल्याही पेशंटचा विषय काढायचा नाही. आणि दिवाळीचा मिठाईचा बॉक्स तर अजिबात न्यायचा नाही. उद्या त्यांनी एखाद्याला लवकर 'फिट' लिहिलं, तर कामगार त्या बॉक्सकडेच बोट दाखवतील.

६. परत आल्यावर

लायक झाल्याचं सर्टिफिकेट मी पाच दिवसांच्या वर आणि कुठल्याही ऑपरेशननंतर मागते. त्याची तारीख आणि विश्रांती संपल्याची तारीख यात भोक राहतं का ते बघा. विश्रांती शनिवारपर्यंत आणि लायक मंगळवारपासून असेल, तर सोमवार कुणाचा? आजच फोन करून मिटवा, महिनाअखेरीस कुणालाच आठवत नाही.

पहिल्या सकाळी पाच मिनिटं बसा. चहा मागवा. कसं वाटतंय, काही औषध चालू आहे का, काम बदलून हवंय का. सुपरवायझरला फक्त बंधनं सांगायची: "दोन आठवडे रात्रपाळी नाही, वजन नाही." का, ते नाही.

७. तेच तेच खाडे

दर सोमवारी दांडी, पगाराच्या दुसऱ्या दिवशी ताप. अशा माणसाबाबत सर्टिफिकेटवर वाद घालून काही हाती लागत नाही, कारण कागद तो आणतोच. वर्षाचं एक पान काढा, बारा महिने, खाड्यांच्या खुणा. ते पान त्याच्यासमोर ठेवा आणि गप्प बसा. माझा अनुभव असा की तीनपैकी एक चिडतो, एक हसतो, आणि एक घरातलं काहीतरी सांगतो: दारू, आजारी आई, दुसरीकडची नोकरी. तिन्हींवरचे उपाय वेगळे, आणि त्यातला कुठलाच डॉक्टरकडे नाही.

न कळवता सलग १० दिवसांहून जास्त गैरहजर राहणं हे आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तन म्हणून लिहिलेलं आहे. पण म्हणून अकराव्या दिवशी नाव कापायचं नसतं. घरच्या पत्त्यावर आणि गावच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पत्र, उत्तराला मुदत, मग चौकशी. मधल्या काळात तो हॉस्पिटलात असल्याचं निघालं तर? आणि विम्याचा आजारपणाचा लाभ घेत असलेल्या माणसाला काढणं किंवा शिक्षा करणं १९४८ च्या कायद्याच्या कलम ७३ ने निषिद्ध होतं. अशा वेळी वकिलाला विचारल्याशिवाय कागदावर एक ओळही लिहू नका.

८. आजार लांबला तर

आमच्याकडे एकाला टीबी निघाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या लॉकरशेजारचे दोघे लॉकर बदलून मागायला आले. बातमी कँटीनमधून फुटली होती.

करायच्या गोष्टी या. टीबी, कॅन्सर, पक्षाघात असे ३४ दीर्घ आजार विम्याच्या यादीत आहेत. त्यांना ९१ दिवस संपल्यावर वाढीव लाभ मिळतो, ८० टक्के दराने, दोन वर्षांपर्यंत. अट अशी की दोन वर्षं सलग विम्यात असावा आणि त्या चार सहामाहींत मिळून १५६ दिवसांची वर्गणी असावी. हे कामगाराला स्वतःहून कधीच माहीत नसतं. ९१ दिवस संपले की तो कर्ज काढतो. म्हणून साठाव्या दिवशी तुम्हीच फाईल काढा. टीबीच्या रुग्णाला निक्षय योजनेतून महिना १,००० रुपये पोषणासाठी मिळतात, ते वेगळे. सरकारी आरोग्य केंद्रात नाव नोंदलं गेलंय ना, एवढं विचारा. टीबीची नोंद सरकारला कळवणं डॉक्टरांना २०१२ पासून बंधनकारक आहे, त्यामुळे लपवून कुणाचा फायदा नाही.

कामावर कधी यायचं ते उपचार करणारे डॉक्टर ठरवतील. त्यांनी लायक म्हटलं की त्याच्याच मशीनवर, त्याच्याच लॉकरवर. आम्ही लॉकर बदलून दिले नाहीत. आठवडाभर कुरकुर झाली, मग थांबली. एचआयव्हीबद्दल तर २०१७ चा स्वतंत्र कायदाच आहे. नोकरीसाठी ती तपासणी मागता येत नाही, आणि कळलंच तर लेखी संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही.

९. हाताशी काय ठेवायचं

- खाड्यांची वही: तारीख, फोनची वेळ, किती दिवस, परत कधी. आजाराचं नाव या वहीत नको
- सर्टिफिकेटांची वेगळी फाईल, कुलपात. किल्ली दोघांकडेच
- प्रत्येक विमेदाराचा विमा क्रमांक, दवाखाना किंवा पॅनेल डॉक्टर, बँक खातं, कुटुंबीयांची नोंद
- शाखा कार्यालयाचा पत्ता आणि पडताळणीच्या फॉर्मच्या प्रती
- डॉक्टरांना द्यायच्या चिठ्ठीचे कोरे नमुने, प्रत्येक कामासाठी वेगळे: लेथ, प्रेस, पेंट शॉप, पॅकिंग
- गावचा पत्ता आणि घरच्या दुसऱ्या माणसाचा नंबर, वर्षातून एकदा तपासलेला

कुटुंबीयांच्या नोंदीला लोक आळस करतात. लग्न होतं, मूल होतं, पोर्टलवर मात्र माणूस अविवाहितच असतो. मग बायको बाळंतपणाला विम्याच्या हॉस्पिटलात जाते आणि तिचं नावच सापडत नाही. माझ्याकडे हे एकदा रात्री अकराच्या फोनवर आलं. तेव्हापासून जानेवारीच्या पगाराबरोबर मी सगळ्यांना एक कोरा कागद देते: घरात कोण वाढलं, ते लिहून आणा.